अनुदान आलं, पण कुणाच्या नावावर?

"मामी, आम्ही अंगणात बोअर घेतला!"

इंग्लंडला असलेल्या माझ्या भाचीचा फोन होता. आता मराठवाड्यातल्या बाईच्या तोंडून यावर पहिला प्रश्न कोणता निघणार? मी विचारलं, "किती फुटांवर लागलं गं पाणी? किती इंच?"

ती पलीकडून खो खो हसत सुटली. "अगं मामी, पाण्यासाठी नाही. ऊबेसाठी!"

मला वाटलं, पोरगी चेष्टाच करतेय. 2012-13 चा दुष्काळ अंगावर काढलेल्या आमच्या जालना जिल्ह्यात माणूस कर्ज काढून बोअर घेतो आणि धूळ उडाली की डोक्याला हात लावून बसतो. आणि ही म्हणते, पाणी लागलं काय नि न लागलं काय, आम्हाला फरक पडत नाही!

मग तिनं समजावून सांगितलं. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेलं की तिथली उष्णता वर्षभर जवळजवळ सारखी राहते. वर बर्फ पडो की ऊन, खाली फरक नाही. त्यांच्याकडे खाली दहा-बारा अंश असतात. शंभर मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडायचं, त्यात नळी सोडायची, नळीतून न गोठणारं पाणी फिरवायचं. ते पाणी जमिनीतली ऊब घेऊन वर येतं. वर एक यंत्र असतं, ते ती ऊब गोळा करून वाढवतं आणि घर तापवतं, अंघोळीचं पाणीही तापवतं. "आपला फ्रिज असतो ना मामी, तो आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हे तसंच, फक्त उलट." एक युनिट वीज खर्च केली की तीन-चार युनिटांएवढी ऊब मिळते म्हणे. फुकट काही नाही. जमिनीतली उचलून आणायची, एवढंच.

खरं सांगू का, मला ते फार नवं वाटलं नाही. पौषातल्या पहाटे विहिरीचं पाणी शेंदलं की त्यातून वाफा निघतात आणि हाताला ते कोमट लागतं, हे आपल्याला माहीत नाही का? माझ्या माहेरचं माळवद वैशाखात गार असायचं ते वरच्या मातीच्या जाड थरामुळे. जुन्या लोकांनी धान्य पेवात ठेवलं तेही जमीन राखण करते म्हणूनच. जमिनीचा हा गुण आपल्याला ठाऊक होता, त्यांनी त्याचं यंत्र केलं.

पण त्या फोनमधली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली, आणि हा लेख तिच्यासाठीच लिहितेय. मी बायकी प्रश्न विचारला, "खर्च किती आला?" आकडा ऐकून घाबरलेच. मग ती म्हणाली, "सरकारनं साडेसात हजार पौंड दिले." म्हणजे आपले आठ-नऊ लाख रुपये! मी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग ते खात्यावर कधी जमा झाले?" कारण आपल्याकडे हाच प्रश्न मोठा असतो, हो ना?

ती म्हणाली, "खात्यावर आलेच नाहीत. यंत्र बसवणाऱ्यानंच सरकारकडे अर्ज केला आणि आमच्या बिलातून तेवढी रक्कम वजा केली. आम्ही फक्त उरलेले दिले."

मैत्रिणींनो, इथंच मी थबकले.

पैसे आधी की नंतर?

राजूरला घर तापवायचं यंत्र कुणाला नकोय. आम्हाला तापवायचं ते अंघोळीचं पाणी आणि भाजी-भाकरी. पण सरकार घरातल्या बदलासाठी पैसे देतं तेव्हा ते कुणाला देतं, कसं देतं, कधी देतं, हे प्रश्न लंडनलाही तेच आणि राजूरलाही तेच. मी थोडी चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या शहाण्यासुरत्या देशांनीही यात ठेचा खाल्ल्यात.

अमेरिकेत या जमिनीतल्या ऊबेच्या यंत्रावर खर्चाच्या 30 टक्के करसवलत मिळायची. ती 2025 च्या डिसेंबरअखेर बंद झाली. पण सुरू होती तेव्हा कुणाला मिळायची? जो कर भरतो त्याला. ज्याचं उत्पन्नच कराएवढं नाही, त्यानं सवलत कशातून वळती करून घ्यायची? ब्रिटनमध्ये 2014 ते 2022 एक योजना होती, तिच्यात यंत्र वापराल तसे सात वर्षं दर तीन महिन्यांनी पैसे मिळायचे. ऐकायला छान! पण यंत्र आधी स्वतःच्या पैशानं बसवायचं. म्हणजे ज्याच्याजवळ गाठोडं आहे त्यालाच अजून मिळायचं. पुढं त्यांनी ती पद्धत बदलली आणि बसवतानाच बिलातून पैसे वजा करायला सुरुवात केली. तरीही उरलेली रक्कम एवढी मोठी की अंगण असलेल्या, शिल्लक असलेल्या माणसालाच ते परवडतं, हे माझी भाची स्वतःच कबूल करते. तिच्या घराजवळच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांना त्या योजनेचा काय उपयोग?

आता आपल्याकडे बघू. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना' आली. गच्चीवर सौर पॅनल बसवायचं. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30 हजार रुपये अनुदान, तिसऱ्या किलोवॅटला 18 हजार. म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार. देशातल्या एक कोटी घरांसाठी 75 हजार कोटींहून जास्त रकमेची ही योजना. आपल्या राज्यानं 2025 साली त्यात भर घातली. जे दारिद्र्यरेषेखाली आहेत किंवा ज्यांचा वापर महिन्याला 100 युनिटांच्या आत आहे, त्यांना एक किलोवॅटसाठी राज्याकडूनही जादा पैसे ठरले. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला साडेसतरा हजार. केंद्राचे 30 हजार धरले तर पन्नास हजारांच्या पॅनलला घरातून अडीच हजारच घालायचे! याला मी चांगलंच म्हणेन. गरिबाला जास्त, असा विचार आपल्याकडे क्वचित होतो.

पण केंद्राचं अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यावर येतं ते पॅनल बसल्यावर, मीटर लागल्यावर, तपासणी झाल्यावर. तोवरची सोय कर्जानं करायची. तीन किलोवॅटपर्यंत तारण न घेता बँका कर्ज देतात, व्याजही साध्या कर्जापेक्षा कमी. हेही खरं. पण ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, पगार नाही, तिला बँकेच्या उंबऱ्यावर कसं वाटतं, ते तुम्हा-आम्हालाच ठाऊक.

स्वच्छ भारतचे 12 हजार आठवतात? 2014 नंतर गावोगाव संडास झाले. पैसे मिळायचे ते बांधून झाल्यावर. आमच्या बचतगटातल्या कितीतरी जणींनी तेव्हा गटातून कर्ज घेऊन विटा-सिमेंट आणलं. अनुदान येईपर्यंत व्याज कुणी भरलं? त्यांनीच. सरकारच्या हिशोबात ते व्याज कुठंच दिसत नाही.

बसवली, मोजली, विसरली

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. 1983 पासून 2002 पर्यंत देशभर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. बिनधुराची चूल! सरकार तिच्यासाठी अनुदान द्यायचं. आमच्या सासूबाईंकडेही ती बसवली होती. बसवणारा आला, चूल बसली, धुराडं वर निघालं, त्यानं वहीत सही घेतली आणि गेला. पहिल्या पावसात धुराड्याच्या भोवती गळायला लागलं. सहा महिन्यांत ते काजळीनं बुजलं. साफ कसं करायचं हे सासूबाईंना कुणी दाखवलंच नव्हतं. चुलीचं तोंडही असं की आमच्या मोठ्या तव्याला ते पुरेना. मग सासूबाईंनी शेजारी आपली तीन दगडांची चूल मांडली आणि सरकारी चुलीच्या पोटात गोवऱ्या ठेवल्या! पण कागदावर? कागदावर आमच्या घरातला धूर कधीच गेलेला होता.

गॅसचं तेच थोड्या फरकानं झालं. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली. तिचा एक गुण मी मनापासून मानते. जोडणी बाईच्या नावावर. 7 सप्टेंबर 2019 ला बचतगटांच्या महिलांचा मोठा मेळावा औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, झाला. त्याच मेळाव्यात देशातली आठ कोटींवी जोडणी दिली गेली. आमच्या मराठवाड्यात! अभिमान वाटला. पण शेगडी आली म्हणजे चूल विझली असं थोडंच असतं? जोडणी एकदाच घ्यायची, टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरायची. टाकी संपली आणि हातात पैसे नसले की बाई पुन्हा पऱ्हाट्या-तुराट्यांकडे वळते. हे सरकारलाही उमगलं असावं. म्हणूनच 2022 साली उज्ज्वलाच्या टाकीवर 200 रुपयांची सूट आली, 2023 मध्ये ती 300 झाली.

यातून मी काय शिकले? घरात एखादी वस्तू बसवून देण्याचे पैसे आणि ती वस्तू रोज चालती ठेवण्याचे पैसे, हे दोन वेगळे खर्च असतात. पहिला खर्च सरकार समारंभानं करतं. दुसरा घरातल्या बाईच्या माथी पडतो.

सौर बंबाचंही बघा. पाणी तापवायचा हा किती सोपा मार्ग! शंभर लिटरचा बंब चार-पाच माणसांच्या घराला पुरतो. त्यावर केंद्राचं अनुदान होतं, ते 2014 साली बंद झालं. आता आपल्या बोअरच्या जड पाण्यानं त्या नळ्यांत क्षार धरतो आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमटच निघायला लागतं. मग घरातला पुरुष म्हणतो, "बिघडला." आणि बाई पहाटे उठून पुन्हा बंबात पऱ्हाट्या घालते. नळ्या साफ करायला येणारा माणूस गावात असता, तर तो बंब दहा वर्षं चालला असता.

आमच्याच घरातली गंमत

दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, माझी गंमतही सांगते. आम्हीही ठरवलं, गच्चीवर दोन किलोवॅटचं पॅनल घ्यायचं. दिवसाला सरासरी आठ युनिट, म्हणजे महिन्याला 240 च्या आसपास. आमच्या घराला भरपूर. अनुदान 60 हजार. अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडलो. ग्राहकाचं नाव!

लाइटबिलावर नाव होतं माझ्या सासऱ्यांचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं दर महिन्याला ते बिल माझ्या हातात येत होतं, मीच भरत होते, पण नाव बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अर्जदाराचं, बिलावरचं आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. मग मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, दिरांचं संमतिपत्र, असं सगळं गोळा करायला लागलो. चूक आमचीच, दुसऱ्या कुणाला बोल कशाला लावू?

तेव्हा हे म्हणाले, "माझं नाव लावून टाकतो."

मी म्हटलं, "हो."

आणि रात्री मला झोप येईना. गेली कितीतरी वर्षं मी बचतगटातल्या बायांना सांगते, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवऱ्याच्या नावासोबत तुमचंही नाव लावून घ्या. हक्कानं मागा. आणि माझ्या स्वतःच्या घराच्या नमुना आठवर? मी कधी पाहिलंच नव्हतं! सकाळी चहा देताना मी विषय काढला. "घराला दोघांचं नाव लावू. आणि मीटर माझ्या नावावर करू." हे क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो? ऊन काय नाव बघून पडणार आहे?"

बरोबर आहे त्यांचं. ऊन नाव बघून पडत नाही. पण अनुदान नाव बघूनच पडतं. कर्ज नाव बघून मिळतं. उद्या पॅनल विकायचं, वाढवायचं, दुरुस्त करायचं, तर सही नाव असलेल्याचीच लागते. आणि उद्या माझ्यावर एकटीवर राहायची वेळ आली, तर पुन्हा तेच दाखले, तीच संमतिपत्रं... हे मी भांडून नाही, नीट समजावून सांगितलं. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "लाव बाई तुझं नाव. माझं कुठंच नव्हतं, म्हणून तर ते गेल्यावर प्रत्येक कागदाला मला पोरांकडं बघावं लागलं."

विषय तिथंच संपला. चार महिने गेले, पण नमुना आठवर दोन नावं लागली आणि मीटर माझ्या नावावर झालं. एवढ्याशा कागदाचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

आणि जिच्याकडे गच्चीच नाही?

मात्र आमच्या गटातली एक मावशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एकटी राहते. घर माळवदाचं, मागच्या बाजूला पत्रे. मी उत्साहानं सांगायला गेले, "मावशी, तुमचं बिल शंभर युनिटांच्या आत आहे, तुम्हाला जास्तीचं अनुदान मिळेल!"

ती म्हणाली, "ताई, अनुदान मिळंल व. पर त्ये पॅनल ठिवू कुठं? माळवदावर मांजर चाललं तर माती पडती."

मी निरुत्तर झाले. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मजबूत जागा लागते. म्हणजे ज्याच्याकडे पक्का स्लॅब आहे त्यालाच योजना. आणि स्लॅब कुणाकडे असतो? ज्याचं आधीच बरं चाललेलं असतं त्याच्याकडे. तिकडं ज्याला अंगण त्याला ऊब, इकडं ज्याला गच्ची त्याला वीज!

आणि मावशीची खरी गरज वीज नाहीच मुळी. दोन दिवे आणि एक पंखा. तिला जाळतो तो पाण्याखालचा आणि चुलीचा धूर. शेतातून डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा आणणं. तिच्या खोकल्याला कुठली योजना? सरकारनं कधी तिला विचारलं का, की बाई, तुला नेमकं काय हवंय?

काहीजण म्हणतील, मग अनुदानंच बंद करा, सगळी उधळपट्टी आहे. मला ते पटत नाही. अनुदान नसतं तर आमच्या गावात पॅनल फक्त दोन-चार बंगल्यांवर दिसलं असतं. सुरुवातीला हात दिल्याशिवाय नवी गोष्ट गरिबाच्या दारात येत नाही. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. छोटं गाव, पण सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून झालं. तेव्हा अनुदान हवंच. फक्त ते देण्याची रीत बदलायला हवी.

काय मागायचं?

माझ्या मते पहिली मागणी ही, की गरीब कुटुंबाचं अनुदान बिलातूनच वजा व्हावं. बसवणाऱ्यानं ते सरकारकडून घ्यावं. बाईनं आधी कर्ज काढायचं आणि मग मोबाइलवर मेसेजची वाट बघत बसायचं, हे नको.

दुसरी, बाईच्या नावाला थोडं जास्त द्यावं. यात नवल काय? आपल्या राज्यात 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. 2024 साली वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आली, तिची अट होती की जोडणी बाईच्या नावावर हवी. तेव्हा ज्या घरांत वर्षानुवर्षं बाईचं नाव निघालं नव्हतं, तिथले पुरुष स्वतः कागद घेऊन गॅस एजन्सीत रांगेत उभे राहिले! नुसत्या भाषणानं जे होत नाही ते तीन टाक्यांनी झालं. मग मीटरचं का होणार नाही?

तिसरी, पैशातला थोडा हिस्सा दुरुस्तीसाठी मागं ठेवावा. वर्षानं, दोन वर्षांनी कुणीतरी येऊन बघावं, चालतंय का? आयटीआय झालेल्या आमच्या गावच्या मुली हे काम का करणार नाहीत? पॅनलवरची धूळ पुसायची, तारा तपासायच्या, बंबातला क्षार काढायचा. गावात काम, गावात पैसा.

चौथी, मावशीसारख्यांसाठी. शाळेच्या, सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर सगळ्यांचं मिळून पॅनल लावावं आणि त्यातली वीज बिनगच्चीच्या घरांच्या बिलातून वळती व्हावी. तसंच सौर बंबाचं अनुदान पुन्हा सुरू करावं. पुणे महापालिका सौर यंत्रणा आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या घरांना मिळकतकरात 5 ते 10 टक्के सूट देते. मग आपल्याकडेही घरपट्टीत अशी काही सूट मिळावी, असा ठराव करून वर पाठवायला काय हरकत आहे?

आणि हो, फसू नका. पॅनल लावलं की लोडशेडिंगपासून सुटका, असं सांगणारे फिरतात. बॅटरी नसलेलं साधं पॅनल गावची वीज गेली की बंदच पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. आमच्या ओळखीतल्या एकीला कुणीतरी "ताई, एक रुपया लागणार नाही" म्हणून आगाऊ पाच हजार घेऊन गेला, तो पुन्हा दिसला नाही. नोंदणी असलेला विक्रेता आहे का, हे योजनेच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा, तो पाच मिनिटांत बघून देईल.

बोलायची जागा आपलीच आहे

"हे सगळं आम्ही कुणाला सांगायचं?" असं गटात विचारलं जातं. अगं, कायद्यानं दिलेली जागा आहे ना! आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं झालेले ठराव ग्रामसभेपुढं ठेवावे लागतात. पण ती सभा कधी होते? बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्येच होते, आणि आपण सह्या करून मोकळ्या होतो. सरपंचपदाच्या निम्म्या खुर्च्या आज बायकांच्या आहेत. खुर्ची आहे, सभा आहे, मग विषयपत्रिकेवर आपला धूर का नसावा?

आमच्या राजूरच्या गणपतीला चतुर्थीला किती गर्दी लोटते, ते तुम्हाला माहीतच आहे. अंगारकीला तर रात्रीपासून रांगा. त्या रांगेत बायका तास न् तास उभ्या राहतात, अनवाणी, उपाशी. मला नेहमी वाटतं, त्यातला एक तास आपण महिला सभेला दिला तर? बाप्पा रागावणार नाही. तो विघ्नहर्ता आहे, पण अर्ज आपल्यालाच भरावा लागतो!

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "मामी, तुमच्या पॅनलचं काय झालं?" मी म्हटलं, "बसलं! पहिलं बिल आलं आणि त्यावर माझं नाव आहे." ती म्हणाली, "बिल किती कमी झालं?" मी तिला आकडा सांगितला, पण खरं तर मला आकड्याआधी नावच सांगायचं होतं.

मावशीच्या पाण्याचा प्रश्न अजून तसाच आहे. येत्या महिला सभेत तो पहिला विषय म्हणून मांडायचा असं आम्ही सतरा जणींनी ठरवलंय. मावशी स्वतः बोलणार आहे. "मला न्हाई जमायचं," म्हणत होती. आता रोज एकदा येऊन माझ्यापुढं बोलून दाखवते.

तुम्हीही एक करा. आज दिवेलागण झाली, स्वयंपाक आवरला, की कपाटातलं लाइटबिल काढा, घरपट्टीची पावती काढा. चष्मा लावा आणि वरचं नाव वाचा. ते नाव कुणाचं आहे? आणि तुमचं का नाही? हा प्रश्न आधी घरात विचारा. मग सभेत.